किटलीतला खार

नळाखाली हात धरून सुनेने साबणाची वडी एकदाच फिरवली आणि फेस मनगट ओलांडून कोपराकडे निघाला. तिने नळ बंद केला, पुन्हा सोडला. फेस होता तसाच, पांढराशुभ्र, मोरीभर.

"अहो, दाढी राहू द्या. इकडे या आधी."

नवरा आला तो अर्धा चेहरा फेसात बुडवूनच. "मी तेच सांगायला येत होतो. रोजच्याएवढा साबण घेतला, तर नाकपुड्या बुजल्या."

सकाळी साडेसहाला नव्या जलवाहिनीचं पाणी गल्लीत पोहोचलं होतं. आजवरचं विहिरीचं पाणी म्हणजे पातळ केलेला दगडच. बादल्यांना पुटं चढत, नळांना पांढऱ्या दाढ्या फुटत, आणि लेकीच्या केसांत गेलेला कंगवा परत येईल याचा भरवसा नसे. आज लेक ओले केस घरभर मिरवत होती आणि दिसेल त्याला "हात लावून बघ" म्हणत होती. नवऱ्याने उत्साहाच्या भरात जुन्या पाण्याचं पिंप ओतूनही टाकलं. सुनेने तर व्हिनेगरची बाटली उघडली आणि बारा वर्षांचा राग काढल्यासारखे नळ घासले, बादल्या घासल्या, रंगाचा मोठा हंडा आतून चांदीसारखा केला. मग तिचा मोर्चा किटलीकडे वळला.

"किटलीला हात लावायचा नाही," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या.

"आई, आत बघा तरी. बोटभर खार जमलाय. चहा मावतो कुठे त्यात?"

"मावतो तेवढा पुरतो मला."

"आजीला चहात चुना लागतो," लेक म्हणाली, आणि सासूबाईसुद्धा हसल्या. किटली मात्र त्यांनी उचलून आपल्याजवळ ठेवली.

घर रंगाऱ्यांचं. मंजिष्ठेच्या मुळ्यांतून सासूबाई जो लाल रंग काढत, त्यासाठी गालिचे विणणारे लांबून लोकर घेऊन येत आणि "काकूंच्या हाताचा गुण" म्हणत परत जात. गेल्या हिवाळ्यापासून त्या हाताला कंप सुटला होता. सून इतकी वर्षं शेजारी उभी राहून शिकली होती, पण हंडा एकटीने कधी लावला नव्हता. आज लावायचा होता. विणकराच्या मोठ्या गालिच्याची वीतभर किनार तेवढी राहिली होती आणि संध्याकाळी तो लोकर न्यायला येणार होता. किनारीचा लाल आधीच्या लालाशी जुळला नाही, तर त्याचं आठ महिन्यांचं काम फुकट.

"जुळला, तर उद्यापासून दांडा तुझा," सासूबाईंनी काल सांगितलं होतं. हंडा ढवळायचा तो लाकडी दांडा मुठीपाशी झिजून बारीक झाला होता आणि आतपर्यंत लाल झाला होता. "नाही जुळला, तर मी आहेच. कापत का होईना."

दुपारी लेक शाळेत गेली, नवरा कामावर. सासूबाईंनी चपला घातल्या.

"तुम्ही निघालात?"

"शेजारी बसते. मी असले की तू हंड्यात कमी आणि माझ्या तोंडाकडे जास्त बघतेस."

सून हसली. तिचे हात शिवशिवत होते. तुरटीत भिजवलेल्या लोकरीच्या लडी पिळून ठेवल्या, मुळ्यांची पूड कालवली, बोट चटकन मागे घ्यावं लागेल इतकंच पाणी तापवलं. उकळी फुटू द्यायची नाही, हे ती झोपेतही म्हणाली असती. नवं पाणी, लखलखीत हंडा, सगळं मनासारखं. तासाभराने तिने दांड्यावर पहिली लड उचलली.

लड विटेच्या रंगाची होती.

तिने नमुन्याचा धागा शेजारी धरला. तो लाल होता, आणि ही वीट. आणखी पूड घातली, अर्धा तास दांडा फिरवला. वीट जरा गडद झाली, एवढंच. ओली लड तिने कोपऱ्यातल्या बादलीच्या काठावर टाकली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. आता शेजारी जाऊन सासूबाईंना हाक मारायची, एवढंच उरलं होतं.

चपला शोधायला वाकली तेव्हा तिला लडीचं टोक दिसलं. ते बादलीतल्या पाण्यात बुडालं होतं, आणि बुडालेलं तेवढं लाल झालं होतं.

बादलीत कालचं पाणी होतं. पाय धुवायला भरून ठेवलेलं, नवऱ्याच्या नजरेतून सुटलेलं. तिने लडीचं दुसरं टोक बुडवलं, श्वास रोखून थांबली. तेही हळूहळू लाल होऊ लागलं.

एका बादलीने हंडा भरणार नव्हता. आणि त्या पाण्यात जे होतं, जे नव्यात नव्हतं, ते तर तिने सकाळभर घासघासून मोरीत सोडलं होतं. नळावरचं, बादल्यांचं, हंड्याच्या आतलं.

ती स्वयंपाकघरात धावली.

किटलीतला खार सुरीच्या टोकाने निघाला तो खपल्याखपल्यांनी. तिने तो खलात कुटला, पिठासारखा केला आणि मूठभर हंड्यात टाकला. दांडा फिरवला. दोन वळसे काहीच झालं नाही. मग कडेकडेने रंग फिरला, मध्ये आला, आणि पुढची लड वर आली तेव्हा सुनेच्या तोंडून हसू फुटलं, एकटीच असताना, मोठ्याने.

संध्याकाळी विणकराने नव्या-जुन्या लडी एकत्र केल्या, दारात उजेडाला नेल्या, पुन्हा आत आणल्या.

"आता आधीची कुठली न् आजची कुठली, ते तुम्हीच सांगा. मला तर ओळखू येईना." तो सासूबाईंकडे वळला. "काकू, तुमचा हात उतरला हो सुनेत."

सुनेने काही बोलायला तोंड उघडलं.

"उतरला खरा," सासूबाई म्हणाल्या, आणि दांडा तिच्या हातात दिला.

विणकर गेला. सासूबाईंनी चहासाठी किटली उचलली आणि हात मध्येच थांबला. झाकण काढून त्यांनी आत पाहिलं. किटलीचा तळ चकाकत होता.

"आई, मी..."

"बराच चहा मावेल आता." त्यांनी नळ सोडला. "मला कळायला तीन वर्षं लागली होती. माझ्या सासूबाईंनी काही सांगितलं नव्हतं. पावसाळ्यात विहिरीला नवं पाणी यायचं, रंग फिका पडायचा, आणि मी आपली हाताला दोष देत बसायचे." त्या सुनेकडे न बघता म्हणाल्या, "तू एका दुपारीत केलंस."

दांडा तिने घट्ट धरला होता.

"स्टूल घे. वरच्या फळीवर मागे एक डबा आहे, माझ्या सासूबाईंच्या वेळपासूनचा. ह्या पाण्याने किटलीत आता काही जमायचं नाही. पुरवून वापर."

डबा जड होता. सुनेने तो ओट्यावर ठेवून उघडला आणि आत हात घातला. खाराचे वरचे तुकडे किटलीच्या पोटासारखे वळलेले होते, पांढरे. तळाचे जाड होते, पिवळसर, मोठ्या गोलाईचे. एवढं मोठं भांडं ह्या घरात तिने कधी पाहिलं नव्हतं.