बंदुकीवरचं मत

विधानसभेची आचारसंहिता लागली आणि चौथ्या दिवशी मल्लिनाथनं बंदूक पोत्यात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा केली. यात नवीन काही नव्हतं. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जायच्या आणि निकाल लागून वातावरण निवळलं की परत मिळायच्या. उदगीर-देगलूर रस्त्यापासून आत असलेल्या बोरतळ गावात अशी बंदूक एकट्या मल्लिनाथकडंच होती. एकनळी, बारा बोरची. पिकाच्या राखणीसाठी म्हणून वडलांना परवाना मिळाला होता, त्यांच्या मागं तो याच्या नावावर झाला.

हवालदारानं बंदूक मधोमध उघडून नळीला डोळा लावला. "अण्णा, हिच्यात जाळं धरलंय की. कवा झाडली होती?"

"झाले बरेच दिस," एवढंच मल्लिनाथ म्हणाला.

तीन वर्षं झाली होती. पण हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. सकाळ-संध्याकाळ तो बंदूक खांद्याला लावून शिवारात फिरायचा आणि लोकांना वाटायचं, अण्णा आहे म्हणून डुकरं थोडी तरी दबून आहेत.

बंदूक जमा करून तो गावात शिरला तर वेशीवर नवा फलक लागलेला. त्यावर बजरंगभाऊंचा हात जोडलेला फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं: शेतकऱ्याच्या हातात परवाना, तीन महिन्यांच्या आत.

यंदाची निवडणूक डुकरांवर आली होती. रस्ते, वीज, पाणी सगळं मागं पडलं होतं. हरभरा नुकता उगवून येत होता आणि रानडुकरांचे कळप एका रात्रीत एकरभर उकरून टाकत होते. बजरंगभाऊंचं म्हणणं सरळ होतं. ज्याच्या नावावर दोन एकर आहे त्याला बंदुकीचा परवाना मिळवून देतो, त्यासाठी कलेक्टर कचेरीत ठाण मांडून बसतो. समोर पुनमताई उभ्या होत्या. त्या म्हणत, गावोगाव बंदुका नकोत, शेताला तारेचं कुंपण देऊ आणि नुकसानीचे पैसे महिन्याच्या आत देऊ. गावात दोन तट पडले होते. हॉटेलात, पारावर, दूध डेअरीच्या रांगेत एकच सवाल: तुझं मत बंदुकीला का तारेला?

दुसऱ्याच दिवशी बजरंगभाऊ स्वतः मल्लिनाथच्या दारात आले. सोबत गावातला त्यांचा खास माणूस व्यंकट. तिशीतला, तापट, पण कामाला वाघ.

"अण्णा, बुधवारी पाराजवळ सभा हाय," भाऊ चहाची बशी हातात घेत म्हणाले. "तुम्ही स्टेजवर बसायचं. दोन शब्द बोलायचे. एका बंदुकीनं शिवार कसं राखलं ते लोकांला सांगायचं."

"मला बोलायला येत न्हाई, भाऊ."

"आन् बोलायला काय लागतंय? जे हाय तेच सांगा."

ते गेले आणि मल्लिनाथचा जीव थाऱ्यावर राहिना. तो गोठ्यात गेला, तिथून अंगणात आला, पुन्हा गोठ्यात गेला. बैलाला घातलेली वैरण पुन्हा उचलून दुसरीकडं टाकली. त्याची बायको कमलम्मा उंबऱ्यातून बघत होती.

"काय झालंय तुमाला? बूड टेकत न्हाई कुठं."

"काय न्हाई."

त्याची लेक दामिनी लातूरला शिकायची. दिवाळीला म्हणून आली ती मतदान करूनच जायचं ठरवून राहिली होती. तिचं हे पहिलं मत. तिनं दोन्हीकडची पत्रकं खाटेवर पसरली होती.

"अप्पा, बजरंगभाऊ म्हणूलालेत परवाना देतो. पण नुसता परवाना असून भागत न्हाई, डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी येगळी लागते. ते कुठंच लिहिलं न्हाई. आन् पुनमताई म्हणतेत महिन्यात पैसे. पंचनाम्यालाच दोन महिने लागतेत." तिनं मान वर केली. "तुमच्याकडं तर बंदूक हाय. तुम्हीच सांगा, सगळ्यांला द्यावी का?"

इतका सोपा प्रश्न. मल्लिनाथनं पायात चपला अडकवल्या आणि तो नीलाबाईच्या घराकडं निघाला.

नीलाबाई त्याच्या शेताची शेजारीण. नवरा वारलेला, दोन एकर रान, एकटीच कष्ट करणारी बाई. तीन वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षातली ती सकाळ मल्लिनाथ एक दिवसही विसरला नव्हता. धुकं इतकं होतं की बांधावरची बोर दिसत नव्हती. त्याच्या हरभऱ्यात काहीतरी खाली वाकून हळूहळू सरकत होतं. आदल्याच दिवशी डुकरांनी धुमाकूळ घातला होता, त्याचं डोकं तापलेलं. त्यानं नेम धरला आणि चाप ओढला. डुकराच्या किंचाळीऐवजी बाईचा आवाज आला, "आई गं!"

नीलाबाई हरभऱ्याचे शेंडे खुडायला आली होती. भाजीपुरते. तिच्या पोटरीत तीन छर्रे शिरले होते. अंतर जास्त होतं म्हणून निभावलं. त्यानं तिला मोटारसायकलवर बसवून थेट देगलूर गाठलं आणि कुणी ओळखत नाही अशा डॉक्टरकडून छर्रे काढून घेतले. गावात सांगितलं, बाभळीच्या फांदीवर पडली. तिनंही तेच सांगितलं. तेव्हापासून त्यानं बंदुकीत काडतूस घातलं नव्हतं, आणि दर उन्हाळ्यात न सांगता तिचं रान नांगरून देत होता.

नीलाबाई अंगणात शेंगा फोडत होती. त्यानं बजरंगभाऊंची सगळी हकीकत सांगितली.

"मी स्टेजवर खोटं बोलू शकत न्हाई, नीलाबाई. खरं बोलावं म्हणतो."

तिचे हात थांबले. "खरं म्हंजी? माझं नाव घेणार? तुमच्या जिवाचं ओझं उतरंल, अण्णा. मला लोक काय म्हणतील? दुसऱ्याच्या रानात भाजी चोरायला गेली होती म्हणतील."

"नाव न्हाई घेणार."

"मग बोला. पण पुरतं बोला. त्याच साली माझा अर्धा हरभरा डुकरानं नेला, वनरक्षक बघायला आला तवा मी दुसरं पीक पेरलं होतं. ते बी सांगा." तिनं एक शेंग फोडली. "आन् ऐका. माझं मत बंदुकीलाच हाय."

मल्लिनाथला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "तुला लागलं, तरी?"

"मला लागलं ते तुमच्या घाईनं. डुकरं तर रोजच येऊलालेत."

तो घरी परतला तो आणखीच बेचैन होऊन. ज्या एका गोष्टीच्या जोरावर त्याला आपलं मत पक्कं वाटत होतं, ती गोष्टसुद्धा आता त्याच्या बाजूनं उभी राहीना. दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही.

बुधवारी संध्याकाळी पाराजवळ माणूस मावत नव्हतं. बजरंगभाऊंनी त्याच्या गळ्यात हार घातला, शिवार राखणारा माणूस म्हणून नाव घेतलं आणि माईक हातात दिला. मल्लिनाथनं माईक तोंडाजवळ धरला.

"भाऊनं सांगितलं माझ्या बंदुकीनं शिवार राखलं," तो म्हणाला. "राखलं न्हाई. तीन वर्षं झाली, माझ्या बंदुकीत काडतूस न्हाई. कारण मी डुक्कर समजून माणसावर बार काढला. धुकं होतं, मी रागात होतो. माणूस वाचलं ते नशिबानं. मी पोलिसाला सांगितलं न्हाई, तुमाला सांगितलं न्हाई. आन् त्याच माणसाचं पीक डुकरानं खाल्लं तर सरकारचा माणूस पीक बदलल्यावर आला. हे दोन्ही खरं हाय."

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "कुणाला लागलं? नाव सांगा की!"

"नाव सांगणार न्हाई."

बजरंगभाऊ मुरलेले होते. त्यांनी हसून दुसरा माईक घेतला. "अण्णांचं मन मोठं हाय. पण मला सांगा, ट्रॅक्टरखाली माणूस येतं म्हणून ट्रॅक्टर बंद करता का?" टाळ्या पडल्या.

मल्लिनाथच्या तोंडून आपसूक निघालं, "ट्रॅक्टर शिकवतेत, भाऊ. ही कोण शिकवणार? पन्नास जणांच्या हातात देणार, पन्नास जणांला कोण सांगणार की आधी बघ?"

त्याचा माईक बंद झाला. व्यंकटनं त्याला दंडाला धरून खाली उतरवलं. "घात केलास, अण्णा," तो दात खाऊन म्हणाला आणि त्या दिवसापासून त्याच्याशी बोलायचा बंद झाला.

इथवर मल्लिनाथनं मनाशी धरलं होतंच. पुढं जे झालं ते त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. लोक नाव हुडकायला लागले. गावात साखराबाई एका पायानं लंगडायची, लहानपणच्या तापानं. कुणीतरी म्हणालं, तीच असणार. दुसरा म्हणाला, पण भल्या पहाटे ती याच्या रानात कशाला गेली होती? दोन दिवसांत त्या बोलण्याला घाण वास यायला लागला. तिसऱ्या दिवशी साखराबाई सून आरतीला घेऊन मल्लिनाथच्या अंगणात उभी राहिली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी रडून भांडायला लागली.

"माझ्या सुनंसमोर माझी इज्जत काढली तुम्ही! सांगा नाव, न्हाईतर मी इथून हालत न्हाई!"

कमलम्मा तिला धरून बसवायला बघत होती. मल्लिनाथ खांबाला टेकून उभा होता. एक नाव घेतलं तर एकीचा विश्वास जातो, न घेतलं तर दुसरीची अब्रू. भिंतीपलीकडं गर्दी वाढत चालली होती.

गर्दीतून नीलाबाई पुढं आली. तिनं लुगडं पोटरीपर्यंत वर घेतलं. तीन पांढरे डाग होते.

"मला लागलं होतं," ती म्हणाली. "मी अण्णांच्या रानात भाजी खुडायला गेले होते. मूठभर. कुणाला काय म्हणायचं ते आत्ता माझ्या तोंडावर म्हणा."

साखराबाई डोळे पुसत पुढं झाली आणि तिनं नीलाबाईचं लुगडं सारखं करून पाय झाकला.

ठाण्यातून बोलावणं आलं. साहेबांनी दोघांचे जबाब घेतले. नीलाबाईनं आपली तक्रार नाही असं लिहून दिलं आणि डुकरांनी खाल्लेला हरभराही लिहून घ्या म्हणून हट्ट धरला. साहेबांनी तो कागद वेगळा ठेवला. परवाना रद्द करण्याचा प्रस्ताव वर जाईल, गुन्ह्याचंही बघावं लागेल, असं ते मल्लिनाथला म्हणाले. त्यानं तिथंच अर्ज लिहिला की बंदूक आपल्याला परत नको. सही करताना त्याला वडलांची आठवण झाली, पण हात थांबला नाही.

तोवर त्याच्या भाषणाचा व्हिडिओ मोबाईलवरून फिरला होता. पुनमताई स्वतः गावात आल्या आणि दोघांनी आपल्या स्टेजवर यावं म्हणाल्या. नीलाबाईनं त्यांना पाणी दिलं.

"ताई, महिन्यात पैसे म्हणता. पंचनाम्याला माणूस किती दिवसात येईल?"

"आठ दिवसात येईल, मावशी. मी बोलते वर."

"तसं लिहून द्या. मी येते स्टेजवर."

पुनमताईंनी सोबतच्या माणसाकडं बघितलं. त्यानं मान हलवली. त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या, "लिहून देणं माझ्या हातात नाही, मावशी." आणि चहा न घेता पुढच्या गल्लीत गेल्या.

मतदानाच्या दिवशी शाळेसमोर रांग होती. मल्लिनाथ आत गेला. यंत्रासमोर उभं राहून त्यानं दोन्ही नावं पुन्हा पुन्हा वाचली. तारेवर त्याचा विश्वास बसला नव्हता. पण गावातले पन्नास तापलेले चेहरे, पन्नास धुक्यातल्या सकाळी त्याच्या डोळ्यांपुढं आल्या, आणि त्यानं पुनमताईंचं बटण दाबलं.

दामिनीनं कुणाला दिलं ते तिनं सांगितलं नाही. नीलाबाईनं मात्र विचारायच्या आधीच सांगितलं.

"मी बोलले तेच केलं, अण्णा. बंदुकीला."

"बरं केलंस," तो म्हणाला. आणि त्याला खरंच तिचा राग आला नाही.

बजरंगभाऊ निवडून आले. बोरतळमधून तेवीस जणांचे परवान्याचे अर्ज गेले. तीन महिने उलटून गेले तरी एकाचंही उत्तर आलं नव्हतं आणि डुकरं यायची थांबली नव्हती. मल्लिनाथ आता पत्र्याचा डबा आणि काठी घेऊन राखण करायचा. लोक हसायचे. तोही कधी कधी हसायचा.

मग एका दुपारी व्यंकट दारात आला. त्याच्या अर्जाची चौकशी सुरू झाली होती. बंदूक चालवायचं शिक्षण घेतल्याचा दाखला लागणार होता.

"दाखला लातूरला मिळंल," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "पण तू सभेत बोललास ते डोक्यातून जात न्हाई, अण्णा. तू शिकवशील का?"

मल्लिनाथला पहिल्यांदा नाही म्हणावंसं वाटलं. मग वाटलं, नाही म्हटल्यानं बंदूक यायची थोडीच थांबणार आहे?

"उद्या पहाटे रानात ये. हात हलवत ये."

व्यंकट आला. दोघं बांधावर उभे राहिले. समोर पिवळी पडत चाललेली ज्वारी वाऱ्यानं सळसळत होती आणि व्यंकटची मान सारखी इकडून तिकडं फिरत होती. अर्धा तास गेला.

"अण्णा, नुसतं किती येळ बघायचं?"

"माझं अजून बघून झालं न्हाई," मल्लिनाथ म्हणाला. व्यंकटनं खिशातले हात बाहेर काढले आणि तो पुन्हा ज्वारीकडं बघायला लागला.