खापरमधला जहाजाचा नाश्ता

जहाजावर सकाळचा नाश्ता तीन ठिकाणी मिळतो, हे आमच्या खापर गावात सगळ्यात आधी मला कळलं. कारण कंपनीनं मोबाईलवर पाठवलेली ती अठरा पानं इंग्रजीत होती, आणि घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. मी अल्पना, नंदुरबारची बी.कॉम. घरात आम्ही मारवाडी बोलतो, बाजारात समोरच्याची भाषा. हे मात्र मराठीत सांगते, कारण शाळेत तीच शिकले आणि भांडायलाही मला तीच बरी पडते.

आमचं बी-बियाण्याचं दुकान. या वर्षी कपाशीचं बियाणं इतकं खपलं की कंपनीनं बक्षीस म्हणून मुंबईहून निघणाऱ्या मोठ्या जहाजाची तीन रात्रींची सहल दिली. चार माणसांची. सासरे सुगनचंद, त्यांना आम्ही बापूजी म्हणतो, सासूबाई जडावबाई, त्यांना मी नुसतं बाई म्हणते, माझा नवरा अभिनंदन, आणि मी. असं मला वाटलं होतं. वाटायला काय, काहीही वाटतं.

ती पानं मी दुपारी निवांत वाचली, आणि खोटं कशाला बोलू, वेड लागलं. वरच्या मजल्यावर बुफे, आपली प्लेट आपण घ्यायची, हवं तितक्यांदा उठायचं. खाली मोठा हॉल, पांढरे टेबलक्लॉथ, तिथे वेटर येऊन विचारतो. आणि तिसरं म्हणजे खोलीतच. दाराच्या मुठीला एक कागद लटकवून ठेवायचा, काय हवं त्यावर खुणा करायच्या, की सकाळी दारात ट्रे हजर. जैन जेवण वेगळं सांगितलं की मिळतं. कपड्यांचं तर दीड पान होतं. हॉलमध्ये झोपायचे कपडे चालणार नाहीत, बनियन नाही, पोहण्याचे कपडे नाहीत, पायात काहीतरी हवंच, आणि टेबलाशी बसताना डोक्यावर टोपी नको.

बापूजींना हे सगळं जाणून घ्यायचं होतं. गेल्या वर्षी कुणी एक डीलर लुंगीवर हॉलच्या दारात गेला आणि त्याला परत पाठवलं, हे त्यांनी नंदुरबारच्या मीटिंगमध्ये ऐकलं होतं. त्यांनी त्याची धास्तीच घेतली. पण विचारणार कसं? आमच्यात सासरा सुनेशी थेट बोलत नाही. सून पदर पुढे ओढून आत, सासरा ओसरीत. एकोणीस वर्षं झाली माझ्या लग्नाला, एकोणीस वर्षांत त्यांनी माझ्याशी आणि मी त्यांच्याशी एक शब्द बोललेलो नाही. माजघराच्या दाराला कडी आहे. ते हवेत विचारतात, "चहा होतोय का?" मी कडी एकदा वाजवली की हो, दोनदा वाजवली की नाही. आणि मी काही तोंडाची मुकी नाही हो, शेजारच्या निर्मलाबाईला विचारा!

पण जहाजाचे प्रश्न कडीवर मावेनात. मग बाई मध्ये.

"ते विचारतात, पायात काय घालायचं?" म्हणजे बापूजी विचारतात. त्यांचं नाव बाई घेत नाहीत, "ते" म्हणतात.

"सँडल, बूट, काहीही. पण अनवाणी नाही."

"चपला घालून खायचं?" हा प्रश्न मात्र बाईंचा स्वतःचा. "अन्नाच्या ताटाशी चपला? अरे देवा!"

ओसरीतून बापूजींचा दुसरा प्रश्न आला. त्यांची नवकारशी असते, म्हणजे सूर्य उगवल्यावर अठ्ठेचाळीस मिनिटं पाणीसुद्धा नाही. तर समुद्रात सूर्य खापरपेक्षा लवकर उगवतो की उशिरा? आता हे अठरा पानांत कुठून असणार! पण प्रश्न चांगला होता. मीही विचारात पडले, मोबाईलवर शोधलं, आणि पंधरा-वीस मिनिटांचा फरक पाहून कडी न वाजवता कागदावर लिहून पाठवलं. त्यांनी तो कागद शर्टाच्या खिशात ठेवला.

मग बाईंनी तो प्रश्न विचारला, ज्याची मला भीती होती.

"टेबल किती माणसांचं?"

"चौघांचं. कुटुंबाला एक."

"म्हणजे तू त्यांच्यासमोर बसून खाणार?"

आमच्याकडे आधी पुरुष खातात, मग बाई, मग मी. सासऱ्यासमोर घास तोंडात घालणं तर सोडाच, हात धुतानाही मी भिंतीकडे तोंड करते.

"तू खोलीत खा," बाई म्हणाल्या. "तो कागद लटकव."

"तीनही दिवस? खोलीतच खायचं तर खापर काय वाईट होतं?"

"मग खापरलाच राहा. चेतनाला नेऊ. मुलीला बापासमोर खायला बंदी नाही."

चेतना माझी नणंद, विसरवाडीला दिलेली. स्वभावानं चांगली आहे, पण त्या क्षणी मला ती जहाजासकट बुडावीशी वाटली. मी आत जाऊन भांडी आपटली. नवरा आला तेव्हा त्याला सांगितलं. तो म्हणाला, "बघू." या माणसाच्या "बघू"मध्ये अख्खा संसार गेला माझा. सोमवारी संध्याकाळपर्यंत चार नावं आणि आधार कार्डं कंपनीला पाठवायची होती. मला जायचं होतं. समुद्र बघायचा होता, हे खरंच, पण त्याहून जास्त तो हॉल बघायचा होता, जिथे मी बसून राहते आणि दुसरं कुणी येतं. हे कुणाला सांगायचीसुद्धा लाज वाटत होती.

रविवारी दुकान बंद. सकाळी बापूजींनी ओसरीत जाहीर केलं, की आज घरात जहाजाच्या नाश्त्याची तालीम होईल. तिथे जाऊन हसं होण्यापेक्षा इथे झालेलं बरं. मधल्या खोलीत टेबल मांडलं, त्यावर चादर, चार खुर्च्या. सगळ्यांनी नीट कपडे घालायचे आणि पायात काहीतरी. बाईंनी नवे सँडल आधी साबणानं धुतले, पुसले, मगच पायात घातले, आणि टेबलापर्यंत अशा आल्या जणू खाली काटे आहेत.

"वेटर कोण?" नवऱ्यानं विचारलं.

"नियम मला पाठ आहेत," बापूजी म्हणाले. "मी."

चौथी खुर्ची रिकामी राहिली, म्हणून शेजारच्या निर्मलाबाईला बोलावलं. ती पाटलांची, अहिराणी बोलणारी, बोलायला मोकळी, आणि बोलावलं नसतं तरी आलीच असती. मीही टेबलाशी बसले, पदर नाकापर्यंत ओढून. बाईंनी डोळे वटारले, पण वेटर म्हणजे काही सासरा नव्हे, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

बापूजी आतून आले. हातावर पांढरा टॉवेल, इस्त्रीचा सदरा, आणि डोक्यावर टोपी नाही. मी पदराआडून पाहिलं आणि पटकन मान खाली घातली. सुनेसमोर तेही कधी बोडक्या डोक्यानं येत नाहीत, येण्याआधी खोकतात, टोपी सारखी करतात. आज ती खुंटीवर होती. नियम टेबलाशी बसणाऱ्यांना होता, वेटरला कुठे होता! पण त्यांनी काढली होती.

"ओ माय वं!" निर्मलाबाई टाळी वाजवत म्हणाली. "भाऊ वाढी ऱ्हायना! हाई दखाले मी वाचनू!" हे बघायलाच ती जगली म्हणे.

"आधी बायकांना विचारायचं असतं," बापूजी गंभीरपणे म्हणाले. "मोठ्यांपासून. आपण काय घेणार?"

हे त्यांनी आपल्या बायकोला विचारलं. बाई लाजल्या. बावन्न वर्षांच्या संसारात त्यांना 'आपण' कुणी म्हटलं असेल असं वाटत नाही. "जे असेल ते," त्या चादरीकडे बघत म्हणाल्या.

"माले कळनानी भाकर जोयजे," निर्मलाबाई म्हणाली, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची. "लसूणना ठेचा, नि वर लोणी."

"लसूण आमच्या जहाजावर मिळत नाही."

"मंग कसानं जहाज ते!"

आम्ही सगळे हसलो. नवरा तर खुर्चीवरून पडायचा बाकी होता. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण मजा येत होती. आणि मग टॉवेल माझ्या बाजूला आला.

हसणं थांबलं. मला त्यांचे बूट दिसत होते, नवेकोरे, लेस चुकीची बांधलेली.

"आपण काय घेणार?"

इथे कडी नव्हती. मी चमचा उचलला आणि ताटलीवर एकदा वाजवला. टण्ण. म्हणजे हो. कशाला हो, ते माझं मलाही ठाऊक नाही.

"वेटरला कडी कळत नाही," बापूजी म्हणाले. आवाज हळू होता. "तो परदेशी माणूस असतो. त्याला सांगावं लागतं."

बाईंनी टेबलाखालून माझ्या पायावर सँडल दाबला. गप्प बस, असं. एकोणीस वर्षं गप्पच होते की! मला एकदम राग आला, बाईंचा नाही, कुणाचा ते कळेना, आणि रागात माझं तोंड आपोआप उघडतं.

"गरम," मी म्हणाले.

"काय गरम?"

"काहीही. थेपला, फुलका, काहीही चालेल. पण गरम. तव्यावरून थेट ताटात."

झालं. बोलले. छप्पर काही कोसळलं नाही. मग बापूजी माझ्याशी नाही, बाईंशी बोलले.

"ही थंड खाते?"

"सगळ्यांचं होईपर्यंत थंडच होणार," बाई फटकन म्हणाल्या. "सुना काय गरम खातात? मी नाही खाल्लं थंड? सासूबाई होत्या तोवर तेवीस वर्षं खाल्लं. तेव्हा कोण आलं होतं टॉवेल घेऊन विचारायला? तुम्ही आला होता?"

शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज फाटला. त्यांना ते अपेक्षित नसावं. त्यांनी घाईनं पदर तोंडाला लावला. मी कधी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मला वाटायचं थंड मीच खाते, त्या फक्त वाढायला लावतात. या घरात माझ्या आधी कुणी सून होती हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आणि मला स्वतःची शरम वाटली.

"आमनं बी तेच शे, माय," निर्मलाबाई हळूच म्हणाली.

बापूजी स्वयंपाकघरात गेले. लायटरचा खटखट आवाज आला, खूप वेळ आला. त्यांनी आयुष्यात गॅस पेटवला नव्हता. नवरा उठायला लागला तसा निर्मलाबाईनं त्याला हातानं खाली बसवलं. "बठ तू!" मग तवा ठेवल्याचा आवाज आला, काहीतरी पडलं, तुपाचा वास आला, आणि मग जळका वास. आम्ही चौघं टेबलाशी बसून होतो आणि कुणीच कुणाकडे बघत नव्हतं.

ते आले तेव्हा ताटली टॉवेलात धरलेली होती. सकाळचा थेपला त्यांनी तव्यावर टाकला होता. एका बाजूनं काळा झालेला, वर तूप नको तेवढं. त्यांनी ताटली माझ्यासमोर ठेवली. वाफ निघत होती.

मी हात लावला नाही. टेबलावरच्या सगळ्यांचं आल्याशिवाय सुरू करायचं नसतं, हे मीच त्यांना वाचून कळवलं होतं. आणि नसतं लिहिलेलं तरी, बाईंची ताटली रिकामी असताना माझा घास मोडला नसता.

बाई माझ्या ताटलीतल्या वाफेकडे बघत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "माझी ऑर्डर बदला."

बापूजी थांबले.

"जे असेल ते नको. मलाही गरम आणा. हिला आणलं तसं. पण करपवू नका."

बापूजींनी मान हलवली आणि पुन्हा आत गेले. पुन्हा लायटरची खटखट सुरू झाली. मग बाई माझ्याकडे वळल्या. त्यांनी हात पुढे करून माझा पदर नाकावरून कपाळापर्यंत मागे सारला, आणि डोक्यावर तसाच राहू दिला.

"चेतनाला मी करते फोन. तिला सांगते, पुढच्या वर्षी," त्या म्हणाल्या. "तिथे त्या परक्या माणसापुढे माझ्या तोंडून पुन्हा 'जे असेल ते'च निघेल. तू माझ्या शेजारी बस. माझंही तूच सांग."

"काय सांगू, बाई?"

"ते तिथे विचार मला." मग त्यांनी माझी ताटली माझ्याकडे सरकवली. "तू कर सुरू. निवेल ते."

मी तुकडा मोडला आणि तोंडात घातला. जीभ चांगलीच पोळली, डोळ्यांत पाणी आलं, पण मी पाणी मागितलं नाही.