रिव्हर क्वीनचा ओळंबा

माझ्या भावानं, नॉर्बीनं, ज्या माणसाचा जबडा मोडला त्यानं फक्त त्याची बिअर सांडली होती. जबड्यावर भागलं असतं तर वकिलाला काहीतरी बोलता आलं असतं. पण नॉर्बीनं त्याला बारमधून बाहेर ओढत नेलं, गाडीच्या दारात त्याचा हात धरला आणि दार लावलं. दोनदा. सात वर्षांची शिक्षा झाली. चार वर्षं आत काढली, उरलेली तीन पॅरोलवर. म्हणजे या तीन वर्षांत कुणाला नुसता हात जरी लावला, तरी थेट आत. नॉर्बी एक्कावन्न वर्षांचा आहे. आतून आला तेव्हा तीन महिने तो खोलीचं दार सताड उघडं ठेवून झोपत होता, आणि शिकागोच्या जानेवारीत दार उघडं ठेवून कुणी झोपत नाही. पुन्हा आत गेला तर हा माणूस जिवंत बाहेर यायचा नाही, हे मला माहीत होतं.

म्हणून मी नियम घालून दिला होता. डोकं फिरलं की हात खिशात. ज्याचे हात खिशात आहेत त्याच्यावर जगातला कुठलाही पोलीस मारामारीचा आळ घेऊ शकत नाही. तो हसायचा, म्हणायचा, "आयरीन, मग मी लाथ मारीन." पण ऐकायचा. मी त्याच्यापेक्षा सात वर्षांनी मोठी आहे आणि लहानपणी मी त्याला पुष्कळ बदडलेलं आहे.

बेल्मॉन्ट अव्हेन्यूवर आमचं पिनबॉलचं दुकान आहे, काचेखालची पोलादी गोळी फ्लिपरच्या वल्ह्यांनी वर उडवत ठेवायची त्या यंत्रांचं. एकतीस यंत्रं, सगळ्यात नवं अठ्ठ्याहत्तर सालचं. त्यातली निम्मी इथून मैलभरावरच्या कारखान्यात बनलेली, आणि आमची आई तिथे एकोणीस वर्षं तारा जोडत बसली होती, तेव्हा काहींच्या पोटात तिचा हात लागलेला असणारच. नॉर्बी हे काम तिच्याकडून शिकला. भिंतीपलीकडून नुसत्या आवाजावरून तो सांगतो, कुठल्या यंत्राची घंटा सैल झालीय ते. तो मागच्या खोलीत दुरुस्ती करायचा आणि गिऱ्हाइकं मी बघायची, अशी आमची वाटणी होती. गिऱ्हाइकांसमोर त्याला आणायचं म्हणजे पेट्रोलच्या पंपावर काडी ओढायची.

माझ्याही जिभेला हाड नाही, ते सोडा. फोनवर लोक आमच्याबद्दल काय काय लिहितात ते मी न्हाणीघरात बसून वाचायची. "काउंटरवरची म्हातारी अंगावर येते." खरं आहे. "सॉसेजचा वास येतो." येतो, मी तिथेच जेवते. चांगलं लिहिलेलं असेल ते मी सकाळी नॉर्बीला मोठ्यानं वाचून दाखवायची आणि वाईट सगळं गिळून टाकायची. त्याच्याकडे तसला फोन नव्हता, त्यामुळे आपल्याला कुणी नावं ठेवत नाही अशी त्याची समजूत होती.

मग कर्टिस वेलँडनं लिहिलं. हा पोरगेला माणूस स्पर्धांमधून खेळतो, मनगटाला पट्टे बांधून येतो आणि यंत्राला अशी धडक मारतो की बघणाऱ्याची कंबर दुखावी. त्यानं लिहिलं होतं, "इथली यंत्रं म्हणजे सापळा आहे. रिव्हर क्वीन नावाच्या यंत्रासमोर श्वास घेतला तरी खेळ मरतो. यांचा कारागीर एक तर अडाणी आहे किंवा चोर."

याला मी उत्तर दिलं नाही, कारण त्याचं म्हणणं खरं होतं.

प्रत्येक यंत्राच्या पोटात, डाव्या अंगाला, गवंड्याच्या ओळंब्यासारखं एक वजन टांगलेलं असतं आणि त्याच्याभोवती धातूचं कडं असतं. खेळणाऱ्यानं यंत्राला थोडंफार ढकलायचंच असतं, खेळ त्यातच आहे. पण जास्त हलवलं की ओळंबा कड्याला टेकतो, दिवे जातात, फ्लिपर मरतात आणि गोळी मुकाट्यानं खाली निघून जाते. नॉर्बी कड्याच्या आत चारी बाजूंनी आगपेटीच्या काडीएवढी फट ठेवायचा. कमी ना जास्त. "धक्का द्यायचा हक्क गिऱ्हाइकाचा आहे," म्हणायचा. या फटीचा त्याला जितका अभिमान होता तितका स्वतःच्या लग्नाचाही नव्हता, आणि ते लग्न टिकलंही नाही.

पण ऑक्टोबरात तिघा दांडगटांनी रिव्हर क्वीनला असं झोडपलं की तिचा पुढचा पाय खोक्यात घुसला आणि लाकूड उभं चिरलं. नॉर्बीनं नऊ दिवस खपून ते सांधलं. सांधून झाल्यावर त्यानं खोलीच्या भिंतीवर मूठ मारली, एकदा नाही, बोटांची सालटं निघून भिंतीला लाल ठसे उमटेपर्यंत. मी दारात उभी होते. माझ्या मनात आलं, पुढच्या वेळी भिंत नसेल, कुणाचं तरी तोंड असेल.

यंत्राच्या पुढच्या अंगाला एक छोटं दार असतं, त्यातूनच पैशाचा डबा निघतो आणि ओळंब्यापर्यंत हात पोचतो; त्याची किल्ली माझ्या गळ्यात असायची. डब्याला स्वतः शिवायचं नाही, असं नॉर्बीनंच ठरवलं होतं, म्हणजे उद्या कुणी बोट दाखवायला नको. त्याला काम असलं की दार मी उघडून द्यायची. त्या आठवड्यात मी एकेक करून एकवीस यंत्रांचे ओळंबे बोटभर खाली सरकवले. ओळंब्याचा जाड भाग कड्यात आला की फट उरते केसाएवढी. यंत्राला मार बसायच्या आत यंत्रच मरतं. एकदा लावलेल्या ओळंब्याकडे नॉर्बी पुन्हा बघत नाही, हे मला ठाऊक होतं. कुणी झोडपणार नाही, नॉर्बी चिडणार नाही. मला वाटलं, किती शहाणी मी!

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी कर्टिस दोन मित्रांना घेऊन आला. त्यातल्या एकानं, मानेवर गोंदलेल्या आडदांडानं, फोन चित्रीकरणावर धरला होता. रिव्हर क्वीनवर एक शाळामास्तरीण खेळत होती. पुढची पाळी आपली म्हणून काचेच्या कडेला नाणं ठेवायची आमच्याकडे रीत आहे. कर्टिसनं नाण्यांची रांगच लावली. तिची तिसरी गोळी जायच्या आतच त्यानं तिला खांद्यानं बाजूला सारलं.

"ताई, झालं तुमचं."

"पाळी धर," मी काउंटरवरून ओरडले.

"धरलीय, मॅडम. तुमची फसवणूक रेकॉर्ड करायला आलोय."

त्यानं गोळी सोडायचा दट्ट्या ओढला. दुसऱ्याच गोळीला, तळहाताच्या नुसत्या टेकण्यानं, यंत्र मेलं. घंटा बंद, दिवे बंद. तो फोनकडे वळून म्हणाला, "बघितलंत? शिंकलो पण नाही." आणि त्यानं काचेवर अशी थाप मारली की मास्तरीण किंचाळली.

"हात आवर," मी म्हणाले. "क्वीन तुझ्या आजीपेक्षा म्हातारी आहे."

"आजी चोर नव्हती माझी. तुमचा कारागीर चोर आहे. कुठंय तो? का तोंड दाखवायला लाज वाटते?"

त्यानं यंत्राच्या पोटात गुडघा हाणला. जिथे लाकूड सांधलं होतं नेमका तिथेच. मागच्या खोलीचं दार उघडलं आणि नॉर्बी आला, हातात हातोडी. ती आणायची म्हणून आणलेली नव्हती, हातात होती तशीच आली होती. पण एकशे दहा किलोच्या माणसाच्या हातात हातोडी दिसली की लोक मागे सरतात, तसे सगळे सरले. कर्टिस सरला नाही, हे मात्र त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

"चोर कुणाला म्हणतोस?" नॉर्बीनं विचारलं. आवाज अगदी हळू होता. त्याचा आवाज चढतो तेव्हा भीती नसते, उतरतो तेव्हा असते.

"तू लावतोस हे ओळंबे?"

"तीस वर्षं. आगपेटीच्या काडीएवढी फट. सगळ्या यंत्रांना."

"काडी? याच्यात केस जायचा नाही. उघडून दाखव."

"दाखवतो. आणि दाखवल्यावर तू सगळ्यांसमोर माझी माफी मागायची. त्या फोनमध्ये." नॉर्बीनं माझ्याकडे बघितलं. "आयरीन, किल्ली दे."

किल्ली माझ्या गळ्यातच लोंबत होती. मी ती मुठीत धरली. एक वाक्य बोलायचं होतं, "ते मी केलंय, नॉर्बी." बस. कर्टिस हसला असता, फोनवर आमची छीथू झाली असती आणि सगळे घरी गेले असते. पण नॉर्बी माझ्याकडे असा विश्वासानं बघत होता की मी ते वाक्य सोडून किल्लीवरची मूठ आणखी आवळली.

"आलतूफालतू माणसांच्या सांगण्यावरून मी माझी यंत्रं उघडत नाही," मी म्हणाले.

"अगं, दे ना. दोन मिनिटांचं काम."

"नाही म्हटलं ना!"

नॉर्बीच्या कपाळावर आठ्या पडल्या. कर्टिसनं टाळी वाजवली. "मालकीणबाईंना ठाऊक आहे, बघा. चोर बाहेर आणि चोरांची राणी गल्ल्यावर. ए जाड्या, तू आत जाऊन आलास हे सगळ्या बेल्मॉन्टला ठाऊक आहे. जेलमध्ये हेच शिकवतात का रे?"

आणि त्यानं रिव्हर क्वीनचा पुढचा भाग दोन्ही हातांनी उचलला आणि सोडून दिला. सांधलेलं लाकूड कडाडून फुटलं. काच सरकून जमिनीवर आपटली आणि चुरा झाला.

नॉर्बीचा हात वर गेला. हातोडी त्याच्या कानाशी पोचलेली मी बघितली. शेजारचं यंत्र सकाळपासून दुरुस्तीसाठी उघडं होतं आणि काच अडकवायची पोलादी पट्टी त्याच्यावर काढून ठेवली होती. हातभर लांब, कडांना धार. मी ती उचलली आणि नॉर्बीच्या आधी पोचले. माझ्या मनात एवढंच होतं की या माणसाचं जे काही व्हायचंय ते माझ्या हातून होऊ दे, आणि इतकं होऊ दे की नॉर्बीला करायला काही उरू नये.

पहिला घाव नाकावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला हातात जाणवला. दुसरा तोंडावर, आणि दात माझ्या एप्रनवर उडाला. तो काचेच्या चुऱ्यात गुडघ्यांवर बसला तेव्हा मी तिसरा खांद्यावर घातला, आणि चौथा का घातला ते मला सांगता येणार नाही. खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं. त्याचं म्हणणं खरं होतं म्हणूनच जास्त जोर लागत होता.

"हात खिशात!" मी ओरडले. "नॉर्बी, हात खिशात घाल!"

हातोडी खाली पडल्याचा आवाज आला. मग मानेवर गोंदलेल्यानं माझे केस धरून मला मागे खेचलं, यंत्राच्या कोपऱ्यावर माझं डोकं आपटलं आणि मी खाली पडल्यावर बुटानं लाथा घालायला सुरुवात केली. बुटाच्या टोकाला लोखंड होतं. एक बरगडी गेली, मग दुसरी. तोंडात रक्त आलं. खालून मला नॉर्बी दिसत होता. तो चार पावलांवर उभा होता, दोन्ही हात पँटच्या खिशात कोपरापर्यंत खुपसलेले. ज्या माणसाला तो एका हातानं उचलून खिडकीबाहेर फेकू शकला असता त्याच्याकडे बघत तो लहान मुलासारखा रडत होता. "पुरे रे, पुरे कर," म्हणत होता. "म्हातारी आहे ती." मी मान हलवून त्याला नाही, नाही सांगत होते. प्रत्येक लाथेला मला वाटत होतं, आणखी एक सहन कर आयरीन, तेवढा तो टिकेल.

तो टिकला. पोलीस आले तेव्हाही त्याचे हात खिशातच होते. मला स्ट्रेचरवर घालताना गळ्यातली दोरी कापली गेली आणि किल्ली जमिनीवर पडली. ती त्यानं उचलली.

दोन दिवस मी इस्पितळात होते, दाराशी पोलीस होता. मग न्यायाधीशांनी तारीख देऊन सोडलं. कर्टिसचं नाक, चार दात, गळपट्टीचं हाड. वकील म्हणाला, वय बघता दीड वर्षात भागेल. मला काही वाटलं नाही. दीड वर्ष मी उलटी लटकून काढीन, नॉर्बी बाहेर होता.

तोच मला न्यायला आला. गाडी तो चालवत होता. बेल्मॉन्टला वळल्यावर म्हणाला, "एकवीस यंत्रं. मी सगळी उघडून बघितली."

"नॉर्बी, तू भिंतीवर मूठ मारलीस ना, त्या दिवशी..."

"त्याला मारायच्या आधी तुला माहीत होतं, तो खरं बोलतोय म्हणून?"

"माहीत होतं."

"आणि मी तिथे उभा होतो तेव्हाही? लाथा बसत होत्या तेव्हा?"

"तुझ्यासाठीच केलं रे सगळं."

"मला जन्मभर सगळे मारकुटा म्हणाले, आयरीन. आहेच मी. पण चोर कुणी म्हटलं नव्हतं." त्यानं दुकानासमोर माझी गाडी थांबवली. "काल मी त्याच्याकडे गेलो होतो इस्पितळात. म्हटलं, तुझं बरोबर होतं, ओळंबे खालीच होते. तो टाके घातलेल्या तोंडानं म्हणाला, त्या दिवशीच एवढं म्हणायचं होतं ना."

"मग?"

"मग काही नाही. कोर्टातपण मी हेच सांगणार आहे." त्यानं किल्ली माझ्या मांडीवर ठेवली. "ओळंबे जागेवर केलेत. रिव्हर क्वीनचं लाकूड आता सांधण्यासारखं राहिलेलं नाही. उद्यापासून दुसरा कारागीर बघ."

तो उतरला आणि बस थांब्याकडे चालू लागला. बर्फ पडत होता आणि त्यानं टोपी घातली नव्हती. मी काच खाली करून हाक मारली, पण दोन बरगड्या मोडलेल्या असल्या की आवाज छातीच्या वर येत नाही. त्याला ती ऐकू आली की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.