एकाच काचेवर

मेणाच्या ठोकळ्यात उरलेला तो करडा ठिपका आता तांदळाच्या कणीएवढाच होता — आणखी एक पापुद्रा निघेल, फार तर… आसावरीने कापायच्या यंत्राचे पाते पुसले आणि ती थांबली. शेजारच्या गल्लीतले कापडाचे लूम शिफ्ट बदलताना बंद होतात, तेवढी दहा मिनिटे टेबल थरथरत नाही. नाजूक काम तेव्हाच उरकायचे.

हा ठोकळा माईचा. म्हणजे आईच्या छातीतल्या गाठीचा. तपासणीचा रंग नीट चढला की नाही हे कळायला प्रत्येक पेशंटच्या काचेवर, वरच्या टोकाला, हमखास तपकिरी होणारा एक तुकडा लावावा लागतो; चार वर्षे तो तुकडा माईचाच. लॅबच्या डॉक्टरांना, धनेश सरांना, फक्त नंबर ठाऊक. माई शाळेत बाई होती, एकतीस वर्षांत तिने एक दांडी मारली नाही — आणि मेल्यावरही बिचारीची ड्युटी सुटली नाही, असे आसावरीच्या मनात येई, आणि हसू येत नसे. रडूही आले नव्हते. माई गेली, राहनाळच्या घरी माणसे भेटायला येत होती तेव्हा ती मोरीत कप विसळत बसली होती.

"ब्लॉकमध्ये काही उरलं नसेल तर नवा सोमवारी येईल ठाण्याहून," सर सकाळी म्हणाले होते. "आजची केस राहू दे मग."

उरले नाही म्हणून सांगितले तरी कोणी तपासायला येणार नव्हते.

आजची केस म्हणजे तानी, डोंगराकडच्या पाड्यावरची. तिची बहीण मैना सकाळपासून बाहेर बाकावर.

"ताई, सोमवारी पुन्ना याया न्हाय जमनार. गोली द्यायची का न्हाय, ते यावरच हाय ना?"

"हो," आसावरी म्हणाली होती. गाठीच्या तुकड्याला रंग चढला तर गोळी बहुधा लागू पडते. माईला चढला होता, चांगला गडद. गोळी मात्र लागू पडली नाही — पण हे मैनाला कशाला…

लूम थांबले. चाक फिरले, पापुद्रा सुटला, कोमट पाण्यावर पसरला. डाव्या हातात कोरी काच होती, घरी न्यायची, कपाटात ठेवायची. उजवीकडे तानीची, खाली तिचा तुकडा आधीच बसवलेला. मधे पाण्यावर माई, जेमतेम दिसणारी. मी तुला राखून ठेवते, असे म्हणायचे होते बहुतेक; पण आतून काहीच उमटेना, आणि बाहेर मैना खोकली, आणि हात तानीच्या काचेकडे गेला. दुसऱ्याच कुणाचा हात असावा तसा ती बघत राहिली.

संध्याकाळी पाचला काच मायक्रोस्कोपखाली. वर माई — तपकिरी, ठसठशीत, रोजच्यासारखी हजर. ही काच आता तानीच्या नंबरावर डब्यात जाणार. चार वर्षे आपण रडलो नाही… घाईच नव्हती. उद्या पुन्हा ती असायचीच ना.

आता खाली सरकायचे, तानीकडे, तिला रंग चढलाय का ते बघायला. बोटे स्क्रूवर होती. काहीतरी धडधडू लागले. लूम असतील, म्हणून तिने कान दिला. लूम आपल्या लयीत चालले होते, नेहमीसारखे. हे आपल्याच छातीत होते. भीती वाटत होती, चार वर्षांत पहिल्यांदा.

"थांब जरा," ती हळूच म्हणाली — आणि कुणाला म्हणाली, ते तिला कळेना.