पाय न टेकता

आग्नेलनं सायकलच्या मागच्या दातेरी चक्राच्या एका दातावर खडूची खूण केली आणि बोटानं मोजत पुन्हा खुणेशी आला. अठरा.

“ह्याहून लहान बसव. चढ हलका जाईल,” तो म्हणाला.

पापडीचा सायकलवाला सिप्रियन खो खो हसला. “लहान म्हणजे हलकं, हे कोणी सांगितलं तुला? चढाला मागे मोठं आणि पुढे लहान लागतं, बाबा. सपाटीवर जन्म काढलास, तुला काय ठाऊक!”

“मग तसं कर. पण पाय न टेकता वर पोचलो पाहिजे.”

“कारखाना काय पळून चाललाय? सगळे उतरून ढकलतच जातात. तुझा रॉबर्टपण.”

आग्नेलनं खडू खिशात टाकला आणि उगाच चैन चाचपली.

रॉबर्ट त्याचा थोरला भाऊ. गोखिवऱ्याच्या पुढे, डोंगराच्या अंगाला असलेल्या कारखान्यात दोघंही एकाच पाळीला. वाडीतल्या बावखलाच्या, म्हणजे सामाईक तळ्याच्या पाण्यावरून चार वर्षांपूर्वी बिनसलं, तेव्हापासून शब्द नाही. सपाटीवर ठीक होतं; एकानं जोर मारायचा, दुसऱ्यानं मागे राहायचं. पण चढाशी दोघांनाही उतरावंच लागे. मग सायकली ढकलत, शेजारी शेजारी, वरपर्यंत मुक्यानं चालायचं. ते चालणं आग्नेलला चढापेक्षा जड जाई.

सिप्रियननं लहान मुलांच्या सायकलचं चक्र पुढे चढवलं, मागे बावीस दातांचं फ्रीव्हील बसवलं आणि चैनीच्या चार कड्या काढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रॉबर्ट चढाशी उतरला. आग्नेल उतरला नाही. पायडल खरंच फिरत होतं! त्याला हसू फुटलं. आता भाऊ मागे पडणार.

पडला नाही. पाय फिरत होते, पण सायकल नुसती रांगत होती. आग्नेलनं तिरक्या नजरेनं पाहिलं. रॉबर्ट आपली सायकल ढकलत अगदी बाजूला होता. जोर मारला की आग्नेल चार हात पुढे जाई, धाप लागली की पुन्हा बरोबरीला येई. आणि रॉबर्टचं रस्त्याकडे लक्षच नव्हतं. चालता चालता तो वाकून आग्नेलच्या चैनीकडे बघत होता. आधी पुढे, मग मागे. ओठ हलत होते.

वळण संपलं तसं रॉबर्टला राहवलं नाही.

“पुढचं चक्र पोराच्या सायकलचं काय रे?”

जणू कालच बोलणं झालं होतं, असा आवाज.

आग्नेलनं तोंड उघडलं. नुसती धाप बाहेर आली. वर कारखान्याचं फाटक दिसत होतं. वीस-पंचवीस हात, फार तर.

त्यानं ब्रेक दाबला आणि पाय टेकवला.

“पोराचंच,” तो म्हणाला. “मागचंपण बदललंय. बघ.”

वर भोंगा झाला. रॉबर्ट स्वतःची सायकल कडेला आडवी टाकून गुडघ्यांवर बसला होता.