निळ्या गलेफाची पाठ

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे. स्वभावानेच थंड, त्यामुळे पुढची हकिकत मी न चिडता सांगू शकतो.

कारखान्यातून निघालो तो थेट एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरी आलो. दोन खोल्यांचं घर, आणि माझ्या शेजारीच त्यांचं शिलाई मशीन. मापं द्यायला आलेल्या गिऱ्हाइकांपुढे बाई गार पाणी ठेवायच्या आणि माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मला त्यांनीच बेतून शिवलंय. माझ्यासाठी त्यांनी जाड निळ्या कापडाचा गलेफ शिवला. दाराला वेगळा तुकडा, बाजूला दोन खिसे. पाठ मात्र उघडीच ठेवली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या माझा प्लग काढायच्या, मला भिंतीपासून पुढे ओढायच्या आणि मशीनच्या ब्रशने माझ्या पाठीची काळी जाळी झाडायच्या. आतली उष्णता मी त्या जाळीतूनच बाहेर टाकतो. शिवणाच्या घरात तिच्यावर कापडाची कुसं, बारीक तंतू, फार बसतात. बाई हे काम करायच्या तेव्हा त्यांचे यजमान पेपर वाचत बसलेले असायचे. कशासाठी करतेस, असं त्यांनी कधी विचारलं नाही.

बाई गेल्या. मशीनवर सून बसू लागली. तिचाही हात सफाईदार. एकदा गलेफ धुवायला काढला तेव्हा पाठीची उघडी बाजू तिच्या नजरेस पडली. तिने त्याच निळ्या रंगाचं कापड शोधून आणलं, पाठ शिवली आणि गलेफ मला पुन्हा घातला.

"बाबा, आईंचं एवढंच राहून गेलं होतं. मी पुरं केलं," ती सासऱ्यांना, म्हणजे बाईंच्या यजमानांना, म्हणाली. घरात आता सगळे त्यांना आजोबा म्हणत.

आजोबांचे डोळे भरून आले. "छान केलंस हो," ते म्हणाले.

मित्रांनो, त्या दिवसापासून माझा जीव घुसमटू लागला. पाठीवर जाड कापड, आत कुसांचा थर. मी दिवसभर घरघरत राहायचो, तरी बर्फ जमेना. लोणी मऊ पडलं. सुनेने आतलं थंडाव्याचं बटण वाढवलं आणि उन्हाळ्याला बोल लावला.

माझ्या दारातल्या कप्प्यात आजोबांच्या इन्सुलिनची बाटली असायची. दूध नासलं की वास येतो. ते औषध कित्येक आठवडे उबेत राहून निकामी झालं, पण दिसायला होतं तसंच राहिलं. आजोबा रोज नेमाने सुई टोचून घेत होते आणि रक्तातली साखर चढतच होती. डॉक्टरीणबाईंनी तपासून विचारलं, "आजोबा, पथ्य मोडताय ना?"

घरी आल्यावर सुनेने साखरेचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"अगं, मी चोरून खात नाही."

"मग साखर काय हवेतून वाढते, बाबा?"

त्यानंतर आजोबा पाणी प्यायला वरचेवर माझ्यापाशी यायचे, दार उघडायचे आणि उगीच क्षणभर उभे राहायचे. त्यांनी एक कणही खाल्ला नव्हता, हे फक्त मला ठाऊक होतं. मला बोलता येत असतं तर बरं झालं असतं, एवढंच म्हणतो. एका सकाळी ते घेरी येऊन माझ्या पुढ्यातच खाली बसले.

त्याच दिवशी मेकॅनिक आला, पण तो नासलेल्या दुधासाठी बोलावलेला. त्याने दारात कागदाची पट्टी अडकवून ओढून पाहिली. पट्टी घट्ट बसली, म्हणजे दाराचं रबर ठीक होतं. मग त्याने माझ्या पाठीमागे हात घातला आणि चटकन मागे घेतला.

"याला रजई पांघरून पळायला लावलंय होय?"

त्याने मला पुढे ओढलं आणि गलेफ उतरवला. जाळीवर रंगीबेरंगी कुसांची गादीच होती. जाळी झाडून त्याने माझं दार उघडलं, तेव्हा त्याचं लक्ष दारातल्या बाटलीकडे गेलं. "ताई, हे औषध आता टोचू नका. नवीन आणा, आणि डॉक्टरांना सांगा."

सुनेने कपाटाची किल्ली आजोबांच्या हातात ठेवली.

"बाबा, तुम्ही खरंच सांगत होता. चुकलं माझं."

आजोबांनी गलेफाच्या पाठीवरून हात फिरवला. "हे राहून गेलं नव्हतं गं. तिने मुद्दाम उघडं ठेवलं होतं. मी समोर बसून असायचो, पण कधी विचारलं नाही तिला."

सुनेने कात्री घेतली आणि आपलीच शिवण उसवायला बसली. नवीन औषध आलं आणि आजोबा हळूहळू सावरले.

मित्रांनो, मला भिंतीपासून वीतभर दूर ठेवा, ठासून भरू नका, अधूनमधून माझी पाठ झाडा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला खोटं ठरवण्याआधी एकदा माझ्या मागे डोकावून बघा. आमच्याकडे आता पहिल्या रविवारी पेपर घडी करून ठेवलेला असतो. ब्रश आजोबांच्या हातात असतो.