नवाची बेरीज

प्रबोधच्या गाळ्यात पाऊल टाकलं की श्रीनिवासला नकोसं व्हायचंच, पण त्या शनिवारी सकाळी ते लिफ्टमध्येच सुरू झालं. सिंगापूरच्या उबी भागातल्या एका इंडस्ट्रियल बिल्डिंगमध्ये प्रबोधने हा गाळा घेतला होता आणि दिवसरात्र एसी लावून त्यात एकच गाडी ठेवली होती, १९६७ सालची लाल मस्टँग. स्टीअरिंग डावीकडे, त्यामुळे इथल्या रस्त्यावर ती काढायची सोय नाही. तरी दर दसऱ्याला तिला झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक आणि चाकाखाली लिंबू. ते लिंबू चिरडायला मग चार पाहुण्यांनी कोट काढून गाडी ढकलायची. श्रीनिवासनेही एकदा ढकलली होती आणि घरी जाऊन आंघोळ केली होती.

श्रीनिवास हार्बरफ्रंटच्या एका कंपनीत सर्व्हेअर होता. जहाजातून येणारा माल बघायचा आणि तो कागदावर लिहिलाय तोच आहे का, ते सही करून सांगायचं, हे त्याचं काम. त्यातून त्याला जुन्या अमेरिकन गाड्यांच्या नंबरांचं वेड लागलं. नंबर म्हणजे रस्त्यावरची पाटी नव्हे. कारखान्यात गाडी तयार होताना तिच्या पत्र्यात ठोकून बसवलेला, तिच्या जन्माचा नंबर. तो वाचता आला की गाडी कोणत्या साली, कोणत्या गावी, कसल्या इंजिनची जन्मली ते सगळं कळतं. मालक थापा मारतो, दलाल मारतो, रंग तर मारलेलाच असतो. नंबर तेवढा खरं बोलतो, असं तो बायकोला सांगायचा. साधना म्हणायची, "माणसांना पण ठोकून बसवला असता तर बरं झालं असतं."

तीन वर्षांपूर्वी ही मस्टँग घेताना प्रबोधने त्यालाच बोलावलं होतं. दोघे पुण्यात एका कॉलेजात होते. प्रबोध आता तांजोंग पगार भागातल्या बँकेतला मोठा साहेब, इथला नागरिक, आणि लोकांना कामाला लावण्यात पटाईत. गाडीवर नंबर होता 7R02S153422. श्रीनिवासने तो जागच्या जागी उलगडून सांगितला. सात म्हणजे सदुसष्ट साल. आर म्हणजे कॅलिफोर्नियातला सॅन होजेचा कारखाना. शून्य दोन म्हणजे मागे उतरत गेलेलं पक्क्या पत्र्याचं छत. एस म्हणजे मोठं इंजिन, आणि पुढचा गाडीचा अनुक्रमांक. सगळं जिथल्या तिथे होतं. "डोळे झाकून घे," तो म्हणाला होता. त्याबद्दल त्याने प्रबोधच्या बायकोच्या, सुलेखावहिनींच्या हातची साबुदाण्याची खिचडी खाल्ली, बाकी एक छदामही घेतला नाही.

आणि आता हे. मेलबर्नचा एक शौकीन गाडी विकत घ्यायला आला, बॉनेट उघडून वाकला आणि दहा मिनिटांत हात झटकून निघून गेला. जाताना म्हणाला, हा नंबर उघड्या छताच्या गाडीचा आहे, म्हणजे कुणीतरी दुसऱ्या गाडीचं छत कापून हिच्यावर डकवलंय. त्या दिवसापासून प्रबोधने सगळीकडे एकच धोशा लावला की श्रीनिवासने आपल्याला खड्ड्यात घातलं. साधना हळदीकुंकवाला गेली तर तिथे वाण हातात देता देता एकीने विचारलं, "भाऊजींना कमिशन मिळालं होतं म्हणे त्या गाडीत?" साधना घरी येऊन न जेवता झोपली. परवा ऑफिसात चहाच्या मशीनपाशी एकाने तोच प्रश्न हसत हसत इंग्रजीत विचारला, तेव्हा मात्र श्रीनिवासला राहवेना. सर्व्हेअरकडे विकायला दुसरं असतं काय? त्याच्या शब्दावरचा भरवसा गेला की त्याने घरी बसावं.

म्हणून तो टॉर्च, आरसा आणि बोल्ट काढायचे पाने घेऊन आला होता.

"ये, ये," प्रबोध म्हणाला. अंगावर रेशमी टी-शर्ट, हातात पुष्कराज, तोंडात वेलदोडा. "बघ बाबा तुझं पाप."

सुलेखावहिनी कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसल्या होत्या. त्यांनी श्रीनिवासकडे बघितलंही नाही. हळदीकुंकवातली ती बातमी त्यांच्याच तोंडून निघाली होती आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

श्रीनिवासने बॉनेट उघडलं. इंजिनाशेजारच्या पत्र्यावर टॉर्च धरला आणि वाचलं. सात, आर, शून्य, तीन.

तीन! त्याने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. शून्य तीन म्हणजे कापडी, उघडझाप करणारं छत. मेलबर्नवाला बरोबर होता. क्षणभर श्रीनिवासला स्वतःचीच शंका आली. मग त्याने आरसा जवळ नेला. कारखान्यातला माणूस घाईत ठोकतो, त्यामुळे आकडे थोडे वरखाली बसतात. हा तीन मात्र पहिल्या बाकावरच्या मुलासारखा सरळ बसला होता. भोवतीचा पत्रा घासून गुळगुळीत केलेला, वरून रंगाचा ताजा हात. हाच नंबर दारावरच्या धातूच्या पट्टीवरही असतो; ती पाहिली तर तीही कोरी करकरीत. अशा पट्ट्या हव्या त्या आकड्यांच्या करून मिळतात. पण तिच्यावर छताचा आणखी एक वेगळा कोड असतो, तो बदलायचा मात्र राहून गेला होता. एकाच पट्टीवर एक आकडा म्हणत होता छत उघडतं, दुसरा म्हणत होता उघडत नाही.

त्याला शिसारी आली. एखाद्याने देवळातली मूर्ती घासून तिचं नाक बदलावं, तसं वाटलं.

"तीन वर्षांपूर्वी इथे दोन होता," तो म्हणाला.

"असं तू म्हणतोस."

"गाडी पण म्हणेल. थांब."

हाच नंबर कारखाना आणखी एका जागी ठोकतो, पलीकडच्या बाजूला, मडगार्डाच्या काठाखाली. मडगार्ड सैल केल्याशिवाय तो दिसत नाही, म्हणून बनवाबनवी करणाऱ्यांना बहुधा त्याचा पत्ताच नसतो. श्रीनिवास एकेक बोल्ट काढू लागला. प्रबोध "रंग सांभाळ, रंग सांभाळ" करत भोवती नाचत होता. शेवटी पत्रा दोन बोटं वर उचलला गेला. चाळीस वर्षांची धूळ, गंज, आणि त्यात वेडेवाकडे, खरेखुरे आकडे. सात, आर, शून्य, दोन.

"वहिनी, जरा इकडे येता?" श्रीनिवास म्हणाला.

त्या आल्या. त्याने टॉर्च आधी इकडे धरला, मग तिकडे. त्यांनी दोन्हीकडे वाचलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. प्रबोध गाळ्याच्या छताकडे बघत होता.

कुणी बदलला असेल? श्रीनिवासने सवयीने आकड्यांची बेरीज केली. आधीच्यांची सव्वीस, म्हणजे दोन आणि सहा, आठ. आताच्यांची सत्तावीस. नऊ. तेवढ्यात त्याला सगळा उलगडा झाला. प्रबोधच्या मोबाइल नंबरची बेरीज नऊ. रोजच्या गाडीच्या पाटीची नऊ. मुलीच्या लग्नाची तारीखसुद्धा मुलाकडच्यांशी भांडून नवाच्या बेरजेची घेतलेली. ज्या शहरात चिनी शेजारी शुभ म्हणून आठाच्या नंबरासाठी लिलावात बोली लावतात, तिथे हा आठ दिसला की शनी म्हणून कापरं भरणारा.

"तूच बदललास," तो म्हणाला. "नवासाठी."

प्रबोध लाजेल, निदान चाचरेल, असं त्याला वाटलं होतं. प्रबोधने वेलदोडा या गालातून त्या गालात सरकवला.

"हो. मग? ठाण्याच्या गुरुजींनी सांगितलं, आठावरची गाडी घरात ठेवू नका. पुलापलीकडे मलेशियात जोहोरचा एक माणूस मिळाला, त्याने सफाईने करून दिलं. दोनाचा तीन करणं सोपं पडतं म्हणाला. एका आकड्याने काय होतं? गाडी तीच आहे ना!"

"मेलबर्नवाला गेला तेव्हा तुला कळलं नाही का घोळ कुठे झाला ते?"

"कळलं की."

"मग माझ्या नावावर बिल का फाडलंस?"

"अरे, लोकांना काहीतरी सांगायला नको?" प्रबोध समजावणीच्या सुरात म्हणाला, वर त्याने श्रीनिवासच्या खांद्यावर हात ठेवला. "विकणाऱ्यावर घातलं असतं तर तो कोर्टात गेला असता. तू काय, आपल्यातला. आपलं माणूस म्हणूनच तुझं नाव घेतलं मी. परक्याचं घेता येतं का?"

श्रीनिवासने तो हात खांद्यावरून दोन बोटांनी उचलून बाजूला केला. संताप येण्याइतकासुद्धा हा माणूस आपला कुणी लागत नाही, असं त्याला त्या क्षणी वाटलं. फक्त किळस आली. त्या वेलदोड्याच्या वासाची, त्या पुष्कराजाची, आणि आपण या माणसाच्या घरची खिचडी मिटक्या मारत खाल्ली त्याचीसुद्धा.

"आता असं कर," प्रबोध पुढे बोलतच होता, "तू एक पत्र लिहून दे. कारखान्यातच चूक झाली म्हणून. तुझ्या सहीला वजन आहे रे."

सुलेखावहिनींनी पर्समधून मोबाइल काढला.

"साधना? मी सुलेखा. हो, गाळ्यातूनच बोलतेय. भाऊजी इथेच आहेत." त्या प्रबोधकडे पाठ करून उभ्या राहिल्या. "मी त्या दिवशी कमिशनचं जे पसरवलं ते खोटं होतं. यांनी सांगितलं, मी चौकशी न करता पुढे सांगितलं. आकडा आमच्याच घरातून खोडलाय. आता ज्यांना ज्यांना सांगितलं, त्या सगळ्यांना मी फोन करणार आहे. तुला पहिला केला."

"अगं, बंद कर तो फोन!" प्रबोध ओरडला. "आधी मला विचारायचंस तरी!"

त्या गाडीपासून लांब, खिडकीशी गेल्या आणि दुसरा नंबर लावू लागल्या.

श्रीनिवास कपड्याने हात पुसत होता. ग्रीस निघालं, तरी तो पुसतच राहिला.

"पत्र देतो," तो म्हणाला. "मडगार्डाखाली काय आहे, इंजिनाशेजारी काय आहे, आणि हे कुणी केलं. खाली माझी सही. मेलबर्नवाल्याला मीच पाठवतो."

प्रबोधच्या चेहऱ्यावरचा रंग पहिल्यांदाच उतरला. त्याने खिडकीशी बोलणाऱ्या बायकोकडे पाहिलं, मग श्रीनिवासकडे, आणि अगदी मनापासून, दुखावलेल्या स्वरात विचारलं,

"अरे, पण मग माझ्या नावाचं काय?"

श्रीनिवासने मडगार्डाचे बोल्ट त्याच्या तळहातावर ओतले आणि शटरखालून वाकून बाहेर पडला.